बाळंतविडा

गेल्या काही वर्षांत आमच्या नाशकातील सुशिक्षित कुटुंबांत डोहाळजेवणाच्या समारंभास एक नवे वळण लागलेले दिसून येते. ओटी भरणे, फुलांचे दागिने, सजविलेला झोपाळा, वाटीखाली पेढा आहे की बर्फी हे ओळखावयास लावणारे कोडे, हे सर्व पूर्वीप्रमाणे चालतेच; परंतु त्याबरोबर गर्भवतीच्या मैत्रिणी, बहिणी व जावा आपल्या हातांनी केलेल्या वस्तूही घेऊन येतात. कोणी पाळण्यावर टांगावयाचे लोकरीचे चंद्र-तारे विणून आणते, कोणी कापडाचे हत्ती व ससे शिवते, तर कोणी येणाऱ्या बाळाच्या खोलीच्या भिंतीवर लावण्याकरिता रंगीत तोरण करते. या समारंभास आता ‘बेबी शॉवर’ असे इंग्रजी नावही मिळाले आहे. वडीलधाऱ्या बायका ही कलाकुसर कौतुकाने पाहतात, पण थोड्याच वेळात त्यांच्यापैकी एखादी हलक्या आवाजात म्हणते, “आधी बाळ सुखरूप हाती येऊ दे, मग काय हवे ते करा.” तरुण मंडळींना हे बोलणे अडाणीपणाचे वाटते, वडील मंडळींना हा उत्साह उतावळेपणाचा वाटतो, आणि आनंदाच्या प्रसंगी घरात एक बारीकशी अढी बसते.

हा वाद आम्हास क्षुल्लक वाटत नाही. येणाऱ्या जिवासाठी आधी काही करावे की करू नये, या प्रश्नाच्या पोटात कित्येक पिढ्यांचा अनुभव साठलेला आहे. तेव्हा कोणत्याही पक्षाचा न्याय करण्यापूर्वी, आपल्याकडे बाळास हाताने केलेली वस्तू कोण देत असे, केव्हा देत असे आणि कशाची करीत असे, याचा थोडा शोध घेणे इष्ट होईल.

प्रथम डोहाळजेवणाचाच विचार करू. ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’ किंवा ‘दौहृद’ यापासून आला असे सामान्यतः मानतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात अशी कल्पना आहे की, चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय प्रकट होते, म्हणून त्या काळी स्त्री ही ‘दोन हृदयांची’ असते आणि तिची इच्छा ही केवळ तिची एकटीची राहत नाही. कालिदासाने रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणेचे डोहाळे वर्णिले आहेत, तेही याच कल्पनेच्या आधाराने. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. डोहाळजेवण हा सत्कार गर्भवतीचा आहे. गर्भाचे लाड पुरवावयाचे ते तिच्या जिभेच्या आणि मनाच्या द्वारे. त्या दिवशी तिला जे मिळते ते पाहावे: आवडीचे पदार्थ, फुलांच्या वेण्या व वाड्या, ओटीतील तांदूळ, नारळ व फळे, फार झाले तर एक खण व लुगडे. यातले खण-लुगडे तिच्या अंगावरचे. बाकीचे सारे दोन दिवसांत संपणारे किंवा कोमेजणारे. बाळाच्या नावाची, बाळाच्या मापाची, टिकून राहणारी अशी एकही वस्तू त्यात नाही. ही उणीव विसरभोळेपणाची नव्हे. ती जाणूनबुजून राखलेली आहे.

बाळासाठी जे करावयाचे ते जन्मानंतर, आणि त्याचे नाव बाळंतविडा. बाळंतिणीस जेवणानंतर ओवा व बाळंतशेपा घातलेला विडा देण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. शिवाय विडा देणे म्हणजे मान देणे, हा अर्थ तर भाषेत रूढच आहे. या दोहोंच्या योगाने बाळ-बाळंतिणीस पाहावयास जाताना नेण्याच्या सर्व भेटीस हे नाव पडले असावे. त्या भेटीचे दोन भाग असत. एक आईचा: डिंकाचे व अळिवाचे लाडू, खारीक-खोबरे, सुंठ, साडी-चोळी. दुसरा बाळाचा: अंगडी-टोपडी, झबली, लाळेरी, दुपटी, मऊ गोधडी, कुंची, खुळखुळा, चिमणाळे, आणि ऐपतीप्रमाणे चांदीचे वाळे, वाटी किंवा बोंडले. नाशकापुरते बोलावयाचे तर यांतील धातूच्या वस्तू मिळण्यास येथे कधीच अडचण पडली नाही. गोदावरीच्या काठाजवळचा सराफ बाजार व भांडी बाजार पिढ्यान्पिढ्या नांदत आलेले आहेत, आणि येथील तांबट-कासारांच्या कामाची वाखाणणी १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटिअरातही आहे. परंतु सराफाकडून आणलेल्या वाळ्यापेक्षा आजीच्या हातच्या दुपट्याचेच महत्त्व घरात अधिक मानले जाई.

या दुपट्यास कापड कोणते लागे, हे विशेष पाहण्यासारखे आहे. ते नव्या ताग्याचे नसे. ते जुनेराचे असे. नेसून नेसून, नदीवर धुऊन धुऊन ज्याचा सारा कडकपणा निघून गेला आहे असे नऊवारी लुगडे म्हणजे जुनेर. त्याचे चौकोन फाडून, दोन-तीन पदर एकमेकांवर घालून, जवळजवळ धावदोरा घातला म्हणजे दुपटे झाले. लुगड्याचे काठ वाया जात नसत; तेच दुपट्यास किनारीसाठी लावीत. एका लुगड्यात कित्येक दुपटी होत, आणि उरलेल्या तुकड्यांचे लंगोट. नाशिक जिल्ह्याची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे, निफाडचा पारा तर दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत गाजतो. तेव्हा पौष-माघात जन्मलेल्या मुलास एकाऐवजी चार पदरांची गोधडी लागे. जुनेराला घरात दुसरी मागणी होती ती बोहारणीची. जुने कपडे घेऊन भांडे देणारी ही बाई दारात आली म्हणजे जुनेर पितळेच्या पातेल्यासाठी द्यावे की नातवंडासाठी राखून ठेवावे, हा प्रश्न गृहिणीपुढे उभा राही. जी राखून ठेवी तिने एका भांड्यावर पाणी सोडलेले असे. तेव्हा दुपटे फुकट होत असे, असे कोणी समजू नये.

कुंचीची गोष्ट निराळी. डोके, कान व पाठ एकदम झाकणारे हे टोपडे खणाचे, रेशमाचे, क्वचित किनखाबाचे करीत. त्यास जरीची किनार, कडेला मोती, हनुवटीखाली बांधावयास बंद. आमच्या जिल्ह्यातील येवले हे पैठणीचे गाव. पैठणी जीर्ण झाली म्हणजे तिच्यापुढे दोनच वाटा असत. एक तर ती जाळून जरीतील चांदी काढून घ्यावयाची, किंवा तिच्या धड राहिलेल्या पदराची कुंची करावयाची. आजीच्या लग्नातील पैठणी जिच्या डोक्यावर कुंची होऊन आली ती नात त्या घरात विशेष भाग्याची समजत. चिमणाळे हे तर पाळण्याचे भूषण. कापडाच्या चिमण्या किंवा पोपट करून त्यात कापूस भरावयाचा, त्यांस मण्यांचे डोळे लावावयाचे, आणि एका कड्याभोवती दोऱ्यांनी टांगून ते पाळण्याच्या वर बांधावयाचे. वाऱ्याने ते हलले म्हणजे मुलाची नजर त्यावर खिळते. आजच्या तरुणी लोकरीचे चंद्र-तारे टांगतात ते या चिमणाळ्याचेच भावंड होय; त्यांस ही परकी वस्तू वाटत असेल तर तो केवळ नावाचा घोटाळा आहे.

येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाळणा, कुंची व चिमणाळे ही वाड्यांतील मुलांची संपत्ती. शेतावर राबणाऱ्या बाईचे मूल झोळीत वाढले. झाडाच्या फांदीस किंवा झोपडीच्या आढ्यास बांधलेले एक जुने लुगडे, हाच तिचा पाळणा आणि हीच तिच्या बाळाची खोली. लासलगाव-पिंपळगावच्या शिवारात ती झोळी आजही दृष्टीस पडते. म्हणजे जुनेर हा वाड्यातील व झोपडीतील बाळांचा समान वारसा. भेद होता तो त्यावर चढणाऱ्या किनारीचा.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. बाळाची वस्तू जन्मानंतरच का, आणि ती जुन्या कापडाची का? दुसऱ्या प्रश्नास तीन उत्तरे संभवतात. पहिले उत्तर सरळ आहे: जुने कापड मऊ असते व नवजात त्वचेला टोचत नाही. दुसरे उत्तर सोयराचे आहे. प्रसूतीनंतर दहा दिवस घराला सोयर असे. त्या दिवसांत वापरलेले कापड पुढे टाकून द्यावयाचे किंवा सुईणीस द्यावयाचे, मग नवे का खराब करावे, असा हिशेब असे. ज्या काळी विटाळ-चांडाळाच्या कल्पना अतिरेकास गेल्या होत्या त्या काळी हा हिशेब स्वाभाविकच होता. नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे जे चित्र काढले आहे, ते वाचणारास याची कल्पना येईल. परंतु ही दोन उत्तरे पुरी नाहीत. मऊपणा हेच कारण असते तर नवे मलमल चालले असते. सोयर हेच कारण असते तर बाराव्या दिवसानंतर जुनेर सुटले असते. तिसरे कारण अधिक खोल आहे, आणि ते भीतीचे आहे.

ज्या घरात मुले जगत नसत त्या घरात मुलाचे नाव दगडू, धोंडू असे ठेवीत, हे सर्वांस ठाऊक आहे. मूल मौल्यवान आहे हे मृत्यूच्या ध्यानात येऊ नये, ही त्यातील भाबडी युक्ती. जुनेराचे कापड आणि धोंडू हे नाव ही एकाच युक्तीची दोन रूपे आहेत असे आमचे मत आहे. आणि दान जन्मानंतरच करण्याचा संकेत हाही त्याच कुळीचा. आपल्या जुन्या संस्कारांचे दिवस जरा मोजून पाहावे. पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाईची पूजा. त्या रात्री ती बाळाच्या कपाळी भविष्य लिहिते म्हणून कोरा कागद व लेखणी ठेवावयाची आणि घरातील माणसांनी जागावयाचे. बाराव्या-तेराव्या दिवशी बारसे. सव्वा महिन्याने बाळंतीण बाहेर. आता वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहा. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे किंवा तिच्यावर मळके फडके बांधल्यामुळे होणारा नवजात बालकांचा धनुर्वात बहुधा तिसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत गाठतो, आणि त्याचा भर पहिल्या आठवड्याच्या अखेरीस असतो. सटवाईची रात्र ही त्या भयाच्या ऐन मध्यावर येते. बारसे होते तेव्हा त्या संकटाचा बहुतेक काळ उलटून गेलेला असतो. ज्यांना जंतू ठाऊक नव्हते त्यांना दिवस मात्र ठाऊक होते. आपल्या आनंदाची पंचांगे अशा रीतीने धोक्याच्या पंचांगावर बेतलेली आहेत.

हे भय केवळ गरिबांचे नव्हते. १७७३ च्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर ठेवण्यात आले, आणि १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले. एका राज्याचे डोळे एका प्रसूतीकडे लागले होते. नवजात पेशव्यास वस्त्रे मिळाली ती सुमारे चाळीस दिवसांनी. यात दरबारी कारणे असतील. पण सव्वा महिन्याची ती मुदत घराघरातल्या बाळंतिणीच्या ओळखीची होती. या मुलाची आजी गोपिकाबाई ही नाशिकजवळ गंगापुरास राहत होती. तिचा थोरला विश्वासराव पानिपतावर, माधवराव क्षयाने, नारायणराव मारेकऱ्यांच्या हाती, असे तीन पुत्र तिने गमावलेले होते. वस्त्रे कोणी दिली व केव्हा दिली हे कागदपत्रांत सापडते. १९३० ते १९३४ या काळात रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. राज्यकारभाराच्या अभ्यासकास ती खाणच आहे. पण अशा दप्तरांत जमाखर्च येतो तो विकत घेतलेल्या व सरकारातून दिलेल्या मालाचा. घरात शिवले आणि घरातच फाटले त्याची जमा नाही व खर्चही नाही.

हाच काळ थोडा पुढे आणला म्हणजे आनंदीबाई जोशी यांची हकीकत येते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. म्हणजे बारशाचा दिवसही त्याने पाहिला नाही. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही, या शल्यातून त्यांनी वैद्यक शिकण्याचा निश्चय केला, सातासमुद्रांपलीकडे जाऊन १८८६ साली फिलाडेल्फिया येथे एम. डी. ही पदवी मिळविली, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत त्या स्वतःच गेल्या. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. ज्या बाईचे मूल अज्ञानाने गेले तिने आपल्याच पूर्वजांच्या ज्ञानाकडे वळावे, यात आम्हास मोठा अर्थ दिसतो.

कारण ते पूर्वज काय सांगत होते? चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय उघडून पाहावा. तेथे स्पष्ट आज्ञा आहे की, नववा महिना लागण्यापूर्वीच सूतिकागार बांधून तयार ठेवावे. पुढे बालकासाठी ‘कुमारागार’ कसे असावे हे सांगितले आहे: ते जाणकाराने बांधलेले, सुंदर, अंधार नसलेले, वाऱ्याचा झोत न येणारे पण हवा खेळती असलेले, उंदीर, डास व हिंस्र प्राण्यांपासून सुरक्षित असे असावे. अंथरूण-पांघरूण मृदू, हलके, स्वच्छ व सुगंधी असावे. घाम, मळ व मूत्र लागलेले कापड टाकून द्यावे, आणि दुसरे मिळण्याजोगे नसेल तर तेच उत्तम धुऊन, धुरी देऊन, वाळवून मगच वापरावे. खेळण्यांबद्दल तर या ग्रंथकाराने नियमच घालून दिले आहेत. ती रंगीबेरंगी, आवाज करणारी व मनोहर असावीत; जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात जातील इतकी लहान नसावीत, जीव घेणारी नसावीत आणि भीती वाटेल अशी नसावीत. आजचा कोणताही बालरोगतज्ज्ञ या यादीवर सही करील.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक ही की, जन्मापूर्वी बाळासाठी खोली सजविणे हे आपल्या शास्त्रास मुळीच परके नव्हे. ‘आधी काही करू नये’ हा नियम ग्रंथातला नाही, तो दुःखातून शिकलेला आहे. दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. ग्रंथातील ज्ञान आणि घरातील व्यवहार यांत मधल्या शतकांत मोठी दरी पडली. बाळंतिणीच्या खोलीत धुरी राहिली, पण हवा गेली. जुनेर राहिले, पण ‘उत्तम धुऊन व वाळवून’ हे शब्द पुष्कळ ठिकाणी विसरले गेले. अडगळीतले फडके, मळकी चिंधी, स्वयंपाकघरातला विळा यांनी जी मुले गेली त्यांची गणती नाही. ज्या जुनेरात आजीची माया होती त्याच जुनेरात, ते धुतलेले नसेल तर, मृत्यूही होता. परंपरेचा अभिमान धरणाऱ्यांनी हे डोळ्याआड करू नये आणि परंपरेस हसणाऱ्यांनी तिच्यातले शहाणपणही विसरू नये.

भीती ही आपलीच मिरास होती असेही नाही. इंग्लंडात अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत बाळाच्या आगमनानिमित्त साटिनाची उशी करून तिच्यावर टाचण्यांनी नक्षी व स्वागताचे शब्द उमटवीत आणि ती भेट देत. पण ती जन्मानंतर, कारण टाचण्या अधिक तितक्या वेणा अधिक, अशी तेथे समजूत होती. इटलीत फ्लॉरेन्स येथे पंधराव्या शतकात बाळंतिणीस जेवण नेण्याची चित्रित लाकडी तबके भेट म्हणून देत. १४४९ साली लोरेन्झो दे मेदिचीच्या जन्मानिमित्त रंगविलेले तबक आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, आणि तो थोर सत्ताधीश ते मरेपर्यंत आपल्या शयनगृहात बाळगून होता. चीनमध्ये शंभर घरांतून कापडाचा एकेक तुकडा मागून आणून बाळाचा अंगरखा शिवीत, म्हणजे शंभर घरांचे आशीर्वाद त्याच्या अंगावर राहतात. आमच्या ठिगळांच्या गोधडीशी याचे नाते सांगावयास नको. माणसाचे मूल जेथे जेथे नाजूक होते तेथे तेथे माणसाच्या हातांनी त्याच्याभोवती कापडाची भिंत उभी केली.

ही परिस्थिती पालटली कशी, ते थोडक्यात सांगू. व्हिएन्नात सेमेलवाइसने १८४७ साली हात धुण्याचे महत्त्व दाखवून दिले. हिंदुस्थानात स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी डफरिन फंड १८८५ साली निघाला. रमाबाई रानडे, ज्यांच्या संसाराची काही वर्षे न्यायमूर्तींच्या नोकरीमुळे नाशकात गेली होती, त्यांनी १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाच्या द्वारे स्त्रियांना शुश्रूषेचे शिक्षण देण्याचे काम अंगावर घेतले. पुढे इस्पितळे, लसी व धनुर्वाताची टोचणी आली. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे दोनशे बालके वर्ष पुरे होण्याच्या आत जात. २०२० साली हे प्रमाण देशात २८ व महाराष्ट्रात १६ असे होते. माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे देशातून उच्चाटन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. सटवाईच्या रात्रीचे भय ज्याने निर्माण केले तो शत्रू अशा रीतीने बव्हंशी नामोहरम झाला. वस्तूंतही पालट झाला. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाल्यापासून नवे कापड हळूहळू स्वस्त झाले. मुलींच्या शाळांतून विणकाम व भरतकाम शिकविले जाऊ लागले. स्त्रियांची मासिके निघाली. शिवणाचे यंत्र घरात आले. दुपट्याशेजारी लोकरीचे मोजे व टोपडी आली, आणि आता त्यांच्याशेजारी लोकरीचे चंद्र-तारे आले आहेत.

तेव्हा ज्या तरुणी आज सातव्या-आठव्या महिन्यात बाळाच्या खोलीसाठी तोरण करतात त्या पाश्चात्यांची नक्कल करतात, एवढेच म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या आज्यांना जो विश्वास बाळगणे परवडत नव्हते तो विश्वास त्या बाळगू शकतात, आणि तो त्यांस शंभर वर्षांच्या श्रमांनी मिळवून दिलेला आहे. उलट, ज्या वृद्ध बायका “आधी बाळ येऊ दे” असे म्हणतात त्यांच्याही बोलण्यास अडाणीपणा म्हणणे तितकेच अन्यायाचे. हजारी १६ हा आकडा लहान आहे, पण ज्या घरावर तो येतो त्या घरास तो लहान नसतो. आणि जी मुले जन्मापूर्वीच जातात ती या आकड्यात मोजलेलीही नाहीत. सजविलेल्या रिकाम्या खोलीचे दार उघडण्याचा प्रसंग आईवर येऊ नये, इतकाच त्या सावधगिरीचा अर्थ आहे. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय पुष्कळांनी पाहिले असेल. दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू आयुष्यभर वेचणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी त्यास जे नाव दिले ते बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे आहे. मूल गेल्यावर वस्तू उरतात, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनाच आधीच्या वस्तूंची भीती का वाटते ते कळते.

शिवाय आपल्या आज्यांनीही आधी काहीच केले नाही, असे नाही. सून गरोदर आहे असे कळताच बोहारणीला परत पाठवून जुनेर धुऊन पेटीच्या तळाशी ठेवण्याचे काम त्या गुपचूप करीत. कोणी विचारलेच तर, “जुने कापड आहे, असू दे,” एवढेच उत्तर. नव्या कापडाची खरेदी ही तयारी ठरली असती. जुने कापड बाजूस ठेवणे ही तयारी ठरत नव्हती. मनात आशा तर धरावयाची, पण ती उघड बोलून दाखवावयाची नाही, याची ही सोय होती. निषेध करण्याचा नव्हता, मिरविण्याचा होता.

ही रीत आजच्या वादावरही लागू पडेल असे आम्हास वाटते. करावे आधी, द्यावे मागून. डोहाळजेवणाचा दिवस गर्भवतीचाच राहू द्यावा. तिची ओटी भरावी, तिच्या आवडीचे खाऊ घालावे. चिमणाळे किंवा तोरण ज्यांनी केले त्यांनी ते आपल्या घरी जपून ठेवावे आणि बारशाच्या दिवशी बाळंतविड्यात न्यावे. ज्या घरात आईलाच खोली आधी सजविण्याचा आनंद हवा असेल तेथे तिची इच्छा हाच डोहाळा समजावा व कोणी मध्ये बोलू नये. वस्तू करताना चरकाचा नियम पाळावा: तोंडात जाईल असा मणी, सुटेल असा दोरा, टोचेल अशी तार नसावी, टांगलेली वस्तू बाळाच्या हातास लागेल इतकी खाली नसावी, आणि झोपलेल्या बाळाच्या तोंडावर दुपटे येणार नाही याची काळजी घ्यावी. कापड दोन्ही आज्यांच्या जुन्या साड्यांचे घेता आले तर उत्तम, मात्र ते उकळत्या पाण्यात धुतलेले व कडक उन्हात वाळविलेले असावे.

आणि शिवावयास बसलेच आहे तर एक दुपटे जास्त शिवावे. आपल्या शहरातील सरकारी इस्पितळात दूरच्या पाड्यांवरून आलेल्या कितीतरी बाळंतिणी असतात, ज्यांच्याबरोबर बाळंतविडा घेऊन येणारे कोणी नसते. परिचारिकेस विचारून ते स्वच्छ दुपटे त्यांच्यापैकी एखादीस द्यावे. नाव सांगण्याची आवश्यकता नाही.